आजीचं मिरचीचं विरजण प्रकल्पाला चालेल का?

कराडजवळच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सातवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. शाळेने यंदा सहावी ते आठवीच्या मुलांना स्वतंत्र संशोधन प्रकल्प दिला आहे. विषय ज्याचा त्याने निवडायचा, जानेवारीच्या मध्याला वही द्यायची आणि वर्गासमोर उभं राहून सांगायचं. दिवाळीच्या सुट्टीपासून मुलीचे चार विषय झाले. आधी कृष्णविवर, मग पाल भिंतीवरून पडत का नाही, मग गल्लीतली कुत्री दुपारी कुठे झोपतात, आणि आता ‘आजी म्हणते मिरचीच्या देठाने दही लागतं, ते खरं का?’ वडलांना हा पोरखेळ वाटतो. त्यांच्या मित्राच्या मुलाने तयार संच आणून स्वयंचलित ठिबक सिंचनाचं मॉडेल केलं होतं, त्याला तालुक्यात बक्षीस मिळालं. तसंच काही करावं, असं त्यांचं म्हणणं. आई विचारते, ‘दह्यावर कुणी संशोधन करतं का? मुलगी चंचल आहे, तर एखादा चांगला विषय आम्हीच ठरवून द्यावा का? तिच्या मनासारखं करू दिलं आणि वर्गात हसं झालं तर?’

ताई,

दह्याचाच विषय करू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ‘कर तुझ्या मनासारखं’ एवढं म्हणून मोकळं होऊ नका. तिचा प्रश्न चांगला आहे, पण अजून कच्चा आहे. त्याला आकार द्यायला घरातल्या मोठ्या माणसांची गरज पडेल. विषय ठरवून देणं आणि तिने आणलेला विषय तासायला मदत करणं यांत फार फरक आहे. दुसरं काम जास्त कष्टाचं आहे, आणि पालकांनी तेच करावं.

आधी तिच्या ‘चंचलपणा’बद्दल. चार विषय पुन्हा एकदा ओळीने वाचून पाहा. कृष्णविवर बहुतेक कुठल्या तरी व्हिडिओतून आलं असावं. पण पुढचे तिन्ही विषय तुमच्या घरातले आणि गल्लीतले आहेत. म्हणजे मुलगी भरकटली नाही, उलट लांबून जवळ आली. आधी ऐकलेल्या गोष्टीबद्दल विचारत होती, आता डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल विचारते आहे. बारा वर्षांच्या मुलीने दोन-तीन आठवड्यांत एवढा पल्ला गाठला, तर मी तिचं कौतुक करेन. विषय बदलणं हा विषय निवडण्याचाच भाग असतो. आपण शाळेत मुलांना निवडायला फारसं कधी देतच नाही. धडा ठरलेला, प्रश्न ठरलेले, उत्तरंही गाईडमध्ये. मग एक दिवस ‘काहीही निवडा’ म्हणतो आणि मुलं गोंधळली की त्यांना चंचल ठरवतो.

आता ‘दह्यावर कुणी संशोधन करतं का?’ करतात तर. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. दूध, दही, ताक यांवर काम करणारी माणसं आयुष्यभर तेच करतात. दुधातली साखर खाऊन तिचं आम्ल करणारे जिवाणू, त्या आम्लाने दुधातलं केसिन हे प्रथिन एकत्र येऊन दूध घट्ट होणं, हे सगळं गंभीर विज्ञान आहे. पण मला वाटतं तुमच्या प्रश्नामागे वेगळीच शंका आहे. स्वयंपाकघरातली गोष्ट संशोधनाला पुरेशी मोठी आहे का, ही ती शंका. विषय मोठा असला की काम मोठं होतं, असं आपण धरून चालतो. शाळांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाताना मला नेमकं उलटं दिसत आलं आहे. ‘जागतिक तापमानवाढ’ असा फलक असतो आणि मागे उभ्या मुलीने त्यातलं काहीही स्वतः पाहिलेलं नसतं. ती बिचारी पाठ केलेलं घडाघडा म्हणते. मध्येच ‘हे तुला कसं कळलं?’ विचारलं की थांबते. चूक तिची नसते. तिला जो विषय दिला, त्यात तिच्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली एमिली रोझा ही चौथीतली मुलगी या बाबतीत आठवण्यासारखी आहे. हात शरीराजवळ नुसते फिरवून माणसाभोवतीची ऊर्जा जाणवते आणि त्यावर उपचार करता येतात, असं सांगणारी एक पद्धत तिथे रुग्णालयांतही चालत होती. एमिली नऊ वर्षांची होती. तिने मोठा सिद्धान्त मांडला नाही. तिने इतकंच विचारलं की या लोकांना माझा हात जवळ आलेला खरंच जाणवतो का? मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचार करणाऱ्याने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे काढायचे, एमिलीने नाणं उडवून त्यातल्या एका हाताजवळ आपला हात धरायचा आणि समोरच्याने कोणता ते ओळखायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा सांगितलं, त्यात १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज करूनही निम्म्या वेळा बरोबर यायला हवं. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. सामान काय लागलं? पुठ्ठा, नाणं आणि वही. तुमच्या मुलीचा प्रश्न याच जातीचा आहे. मोठी माणसं वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगतात. ती खरी असेल, अर्धी खरी असेल किंवा नसेल. पाहायचं कसं?

म्हणून पहिलं काम आजीशी बोलण्याचं. ‘आजीला खोटं पाडायचंय’ अशा थाटात तर मुळीच नको. वही घेऊन आजीशेजारी बसू दे. दूध कुठलं, म्हशीचं की गाईचं? उकळल्यावर किती निवू द्यायचं? (आजी बहुतेक ‘बोट घालून सोसवेल इतकं’ म्हणतील. ते शब्द तसेच लिहून घ्यायचे.) मिरची किती, देठासकट की नुसते देठ, धुतलेली की बिनधुतलेली? देठ दुधात बुडालं पाहिजे का? भांडं कुठलं, रात्रभर ठेवायचं कुठे? उन्हाळ्यात आणि थंडीत फरक पडतो का? दही पहिल्याच दिवशी चांगलं लागतं, की त्याचं विरजण दुसऱ्या दुधाला लावल्यावर? आजी जे सांगतील त्यातल्या एकेका गोष्टीचा स्वतंत्र प्रयोग होऊ शकतो. ‘मिरचीने दही लागतं का’ हा एक प्रश्न नसून त्याच्या पोटात आठ-दहा प्रश्न आहेत, हे मुलीच्या तिथेच लक्षात येईल. मग त्यांतला एक तिने निवडायचा. विषयाची खरी निवड इथे होते, आणि इथे तुम्ही घाई करू नका.

समजा तिने ठरवलं की देठामुळे दही लागतं का तेवढंच पाहायचं. मग सव्वा लिटर दूध एकाच पातेल्यात उकळायचं, कोमट करायचं आणि बारा सारख्या वाट्यांत ओतायचं. तीन वाट्यांत काहीच घालायचं नाही. तीनमध्ये नेहमीचं विरजण, मोजून तेवढंच. तीनमध्ये दोन-दोन मिरच्या देठासकट. उरलेल्या तीनमध्ये तितक्याच मिरच्या देठ काढून. सगळ्या वाट्या एकाच जागी, एकाच झाकणाखाली. काहीच न घातलेल्या वाट्या कशाला, असं घरात कुणीतरी विचारेलच. न घालताही दूध घट्ट झालं किंवा नासलं, तर मिरचीला श्रेय कसं देणार? आणि प्रत्येक प्रकाराच्या तीन वाट्या, कारण एखाद्या वाटीत काही वेगळं घडलं तर तो योगायोग होता की नाही ते कळायला हवं. या दोन गोष्टी तिला नीट समजल्या, तर माझ्या मते शाळेचा हा सगळा उपक्रम सार्थकी लागला.

मोजायचं काय, हेही आधी ठरवू दे. ‘चांगलं लागलं’ हे मोजमाप नाही. दर दोन तासांनी वाटी तिरकी करून पाहायची. दूध वाहतंय, जाडसर सरकतंय की जागच्या जागी थरथरतंय, अशा तीन पायऱ्या करता येतील. आंबटपणासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क चालेल. आम्लात त्याचा रंग गडद गुलाबी होतो. पीएच कागदाच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तम. खोलीचं तापमान लिहायचं, कारण डिसेंबरच्या थंडीत दही लागायला वेळ लागणार आणि मिरचीच्या वाट्यांना बहुधा जास्तच. म्हणून सुरुवात शनिवारी रात्री नको. पहाटे उठून कोण पाहणार? रविवारी सकाळी लवकर करू दे.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः पाहायची. प्रयोगाच्या वाट्या चाखायच्या नाहीत. नेहमीच्या विरजणात कुठले जिवाणू आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या खाऊन ठाऊक झालेलं असतं. मिरचीच्या देठावरून दुधात काय उतरलं ते सांगता येत नाही. पाहून झालं की ओतून टाकायचं आणि वाट्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. तसंच, तिने कुत्र्यांचा विषय परत काढला तर तोही सुंदर आहे, पण गच्चीवरून किंवा खिडकीतून पाहायचं. जवळ जाणं, खायला घालणं, पिल्लं उचलणं यांतलं काही नको. रेबीजच्या बाबतीत थोडीसुद्धा सवलत नको. पालीच्या पायांचं कोडं तर उलगडलेलं आहे. बोटांवरच्या अतिसूक्ष्म केसांमुळे ती भिंतीला धरून राहते, आणि ते पाहायला लागणारी उपकरणं आपल्याकडे नाहीत. पण ‘ट्यूब लागल्यावर आमच्या पाली किती वेळात येतात आणि कुठे बसतात’ हे तुमच्या ओसरीवर पाहता येईल. कृष्णविवराबद्दल तिला पुस्तकं द्या, भरपूर वाचू दे. प्रकल्पासाठी त्याला हात लावता येत नाही, एवढंच.

तिच्या बाबांच्या म्हणण्याचाही मी विचार केला. ठिबकचं मॉडेल वाईट नाही. शेतकऱ्याच्या घरात त्याचं मोल आहेच, आणि एखाद्या मुलाला तारा, पंप, सेन्सर यांची मनापासून आवड असेल तर त्याने जरूर करावं. पण तयार संच आणला की कोडं आधीच सुटलेलं असतं. सूचनांप्रमाणे जोडलं की दिवा लागतो. त्याच मॉडेलला एक प्रश्न जोडा, उदाहरणार्थ आपल्या काळ्या रानात आणि नदीकाठच्या पोयट्याच्या मातीत सेन्सर सारखाच ओलावा दाखवतो का, आणि मग ते संशोधन होतं. तुमच्या यजमानांना हे सांगून पाहा. विरोध मॉडेलला नाही, मुलीच्या डोक्याला काम न ठेवण्याला आहे, हे त्यांना पटेल असं वाटतं. बक्षिसाचंही खरं सांगते. चकचकीत मॉडेलला बक्षीस मिळण्याची आणि बारा वाट्यांना न मिळण्याची शक्यता आहे. परीक्षकांकडे प्रत्येक मुलासाठी दोन-चार मिनिटं असतात, त्यात जे लुकलुकतं तिकडे नजर जाते. ती तयारी मनाशी ठेवा आणि मुलीलाही आधीच सांगा.

हसं होण्याची भीती मला कमी वाटते. वर्गात प्रत्येकाच्या घरी दही लागतं. तिने ‘तुमच्याकडे काय करतात?’ असं विचारून सुरुवात केली तर निम्मा वर्ग बोलायला लागेल. आणि समजा मिरचीच्या वाट्यांत काहीच झालं नाही, तर? तेही तितकंच पक्कं उत्तर आहे. ‘डिसेंबरमध्ये, आमच्या घरी, अठरा तासांत देठाने दही लागलं नाही’ असं तिने लिहावं. आकडे ओढूनताणून जुळवू नयेत, आणि तुम्हीही जुळवायला मदत करू नका. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. मूल वहीत खरं लिहितं, मोठी माणसं ‘असं कसं देणार, जरा नीट कर’ म्हणतात आणि ते खाडाखोड करून अपेक्षित उत्तर लिहितं. ही सवय एकदा लागली की पुढे फार नडते. वही एकच ठेवा, शिवलेली, पानं न फाडता येतील अशी. तारीख, वेळ, हवामान, फसलेले प्रयोग, सगळं त्यातच. दुधाचे डाग पडले तर पडू देत. शाळेत द्यायचं ते स्वच्छ वेगळं लिहा, पण ही वहीसुद्धा सोबत न्या.

याच धर्तीचं कोडं बऱ्याच घरांत पडलेलं असतं, म्हणून इतर पालकांसाठीही थोडं लिहिते. मुलाने विषय सांगितला की ‘हा चांगला आहे का?’ याचा निकाल लगेच देऊ नका. त्याला विचारा, ‘पहिल्या दिवशी तू हाताने काय करशील?’ उत्तर ‘नेटवर शोधेन’ असं आलं तर विषय अजून लांबचा आहे. त्याला घराच्या, शाळेच्या, गावाच्या दिशेने ओढायला मदत करा. प्रदूषण हा विषय मुलाला पेलत नाही, शाळेच्या फाटकाजवळच्या आणि मागच्या मैदानाच्या झाडांच्या पानांवर आठवड्यात किती धूळ बसते हे पेलतं. मग विचारा, ‘जानेवारीपर्यंत हे किती वेळा करून पाहता येईल?’ एकदाच जमणार असेल तर विषय बदललेला बरा. आणि ‘उत्तर काय येईल?’ असंही विचारा. त्याला आधीच शंभर टक्के माहीत असेल तर त्यात शोधायचं काही उरलं नाही. अलीकडे मुलं थेट एआयला विषयांची यादी मागतात आणि अख्ख्या वर्गाकडे तेच दहा विषय येतात. प्रश्न आधी स्वतःचा असू दे, नंतर माहिती कुठूनही घेऊ दे, शंका विचारू दे.

आणि संशोधन म्हणजे विज्ञानच, असंही धरून चालू नका. एखाद्या मुलाला परीक्षानळीत काडीचा रस नसतो, पण गोष्टी ऐकायला तो तासभर बसतो. त्याच्या आजीला किंवा शेजारच्या काकूंना जात्यावरच्या ओव्या येत असतील. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मुलाने वीस गोळा कराव्यात. कुणी म्हटली, कुणाकडून शिकली, त्यात भाऊ किती वेळा येतो, विठ्ठल किती वेळा, सासर किती वेळा, एवढं मोजलं तरी प्रकल्प उभा राहतो. गणिताची आवड असलेल्याला तर खर्चही नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांनी कागद-पेन्सिलीवर केलेला खेळ घ्या. ३५२४ या संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहतं. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचते. कुठल्या संख्यांना किती पायऱ्या लागतात, तीन अंकी घेतल्या तर काय होतं, पाच अंकी घेतल्या तर? सहावी-सातवीचं मूल यात महिनाभर रमू शकतं. उत्तर पुस्तकात असेल, पण स्वतः मांडलेल्या तक्त्यातून नियम दिसायला लागतो तो आनंद वेगळाच.

तुमच्या वेळापत्रकाकडे येते. नोव्हेंबर संपत आला आहे. या आठवड्यात आजीची मुलाखत होऊ दे. पहिला रविवार नुसत्या चाचणीचा. चारच वाट्या, फसल्या तरी चालतील. तिथे तिला कंटाळा आला, किंवा कुत्र्यांकडे परत जावंसं वाटलं, तर जाऊ द्या. एकदा हाताळून सोडलेला विषय नुसता विचार करून सोडलेल्या विषयापेक्षा बरा. पण दुसऱ्या रविवारनंतर विषय बदलायचा नाही, हे दोघींनी मिळून आत्ताच ठरवा. मग डिसेंबरचे उरलेले रविवार खऱ्या प्रयोगाला. वेळ राहिला आणि देठाने दही लागलंच, तर एक पुढची पायरी फार छान आहे. उकळत्या पाण्यातून काढलेले देठ आणि तसेच देठ, दोन्ही लावून पाहायचे. जिवाणू देठावरून येत असतील तर फरक दिसायला हवा. लिहायला जानेवारीचा पहिला आठवडा पुरेल.

वर्गशिक्षकांना आधी भेटून घ्या, आणि मुलीला सोबत न्या. एका वर्गात साठ-साठ मुलं आणि प्रत्येकाचा वेगळा विषय हे त्यांच्यासाठीही सोपं नाही. तिने एका पानावर चार ओळी लिहून न्याव्यात. माझा प्रश्न काय, मी काय बदलणार, काय सारखं ठेवणार, काय मोजणार. एवढं पान पाहिल्यावर ‘दह्याचा कसला प्रकल्प’ असं म्हणणारे शिक्षक मला तरी फार भेटले नाहीत. काम चांगलं झालं तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेबद्दल शाळेत विचारा. १९९३पासून भरणारी ही परिषद १० ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे आणि तिथे आपल्या परिसरातलेच प्रश्न घेऊन मुलांनी काम करावं अशी अपेक्षा असते. नववीत गेल्यावर डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. लेखी, प्रात्यक्षिक असे टप्पे पार केले की तिथेही प्रकल्प आणि मुलाखत असते. यंदा मात्र स्पर्धेचा विषय घरात काढूच नका.

तिच्या बाबांना कामात ओढा. बारा सारख्या वाट्या जमवणं, खोलीचा तापमापक आणणं, दर दोन तासांनी फोटो काढणं ही कामं त्यांची. वाटीत काय दिसतंय ते सांगायचं आणि वहीत लिहायचं, ते मुलीनेच.